फील्ड टीमचा एरिया नकाशावर कसा वाटायचा : कृषी निविष्ठा विक्रीतल्या लोकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बियाणं, खतं आणि कीटकनाशकं कृषी सेवा केंद्रांपर्यंत पोचवणाऱ्या कंपन्यांसाठी ही प्रश्नोत्तरं लिहिली आहेत. मालक, एरिया मॅनेजर आणि रोज गाडीला किक मारून दुकानं फिरणारे प्रतिनिधी, तिघांचेही प्रश्न यात आहेत. उदाहरणं महाराष्ट्रातली आहेत. सगळ्या उत्तरांमागे एकच आग्रह आहे: एरिया ठरवताना जिल्ह्याची सीमा बाजूला ठेवा आणि माणसाचा दिवस समोर ठेवा.

आमच्याकडे वर्षानुवर्षं जिल्हावार वाटणी आहे. ती का मोडायची?

चालत असेल तर मोडू नका. पण खरंच चालतेय का, हे एकदा नकाशावर बघा. राज्यात 36 जिल्हे आहेत आणि त्यांच्या आकारात, पिकांत, रस्त्यांत कमालीचा फरक आहे. अहिल्यानगर क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. अकोले तालुक्यातला भाताचा डोंगराळ पट्टा आणि राहाता-कोपरगावचा बागायती पट्टा एकाच माणसाकडे दिला तर तो साहजिकच जिथे ऑर्डर मोठी तिथे जास्त जाणार. अकोले तालुक्यातल्या दुकानदाराला मग वर्षभर कंपनीचं तोंड दिसत नाही, आणि आपण म्हणतो की तिकडे मार्केटच नाही.

जिल्हा ही कारभारासाठी आखलेली हद्द आहे. दुकानदार माल कुठून उचलतो, शेतकरी कोणत्या बाजारपेठेला जातो, याचा तिच्याशी दरवेळी संबंध असतोच असं नाही. दुकानं ठिपक्यांच्या रूपात नकाशावर आली की हे पहिल्या पाच मिनिटांत दिसतं. एका माणसाच्या वाट्याला दाट पुंजका येतो, दुसऱ्याच्या वाट्याला चार टोकांना विखुरलेली दुकानं.

सुरुवात कशापासून करायची?

सॉफ्टवेअरपासून नको. यादीपासून करा. एका शीटमध्ये प्रत्येक दुकानाची एक ओळ: दुकानाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, पिनकोड, अक्षांश, रेखांश, माल देणारा वितरक, गेल्या 12 महिन्यांची विक्री, दुकानाचा वर्ग (ए, बी, सी; ए सगळ्यात महत्त्वाचा), आठवडी सुट्टीचा वार आणि आज तिथे कोण जातं. शेवटचे दोन रकाने बहुतेक जण सोडून देतात. पुढे बीट, म्हणजे एका दिवसाची दुकानांची फेरी, आखताना तेच सगळ्यात जास्त लागतात.

आजवर माल न घेतलेली दुकानंही यादीत हवीत. फक्त आपली गिऱ्हाइकं नकाशावर टाकली तर नकाशा आपल्या जुन्या सवयीच दाखवत राहतो. मोकळी जागा दिसली की तिथे दुकानच नाही की आपण कधी गेलोच नाही, हे कळायला मार्ग उरत नाही.

पत्ते टाकले तर ठिपके भलत्याच ठिकाणी पडतात. काय करायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, कारण आपल्याकडे ग्रामीण पत्ता म्हणजे ‘एस.टी. स्टँडसमोर, मु. पो. वडगाव’. आता वडगाव कोणतं? मावळातलं, हातकणंगल्यातलं पेठ वडगाव, पुण्यातलं वडगाव शेरी की वडगाव बुद्रुक? पिंपळगाव, निमगाव, सावरगाव यांचंही तेच. त्यात खुर्द आणि बुद्रुक ही जोडी शेजारी असली तरी दुकानं वेगळी असतात. सॉफ्टवेअर पहिलं सापडलेलं गाव घेतं आणि तक्रार करत नाही.

नावं बदलल्याचाही घोळ होतो. एकाच यादीत औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबाद आणि धाराशिव, अहमदनगर आणि अहिल्यानगर अशी दोन-दोन नावं असतात आणि रिपोर्टमध्ये एका जिल्ह्याचे दोन जिल्हे होतात. पालघर 1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यातून वेगळा झाला, तरी जुन्या लेजरमध्ये डहाणू-तलासरीची दुकानं अजून ठाण्यातच सापडतात. म्हणून नावावर विसंबू नका. केंद्र सरकारच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक गावाला आणि तालुक्याला स्वतंत्र कोड आहे, तो रकान्यात घ्या. नाव बदललं तरी जोडणी तुटत नाही.

खरा उपाय मात्र एकच: प्रतिनिधीने दुकानाच्या दारात उभं राहून मोबाइलवर लोकेशन घ्यायचं. नेहमीच्या फेरीतच हे काम होतं, त्यासाठी वेगळी मोहीम लागत नाही. अक्षांश-रेखांशात दशांशानंतर किमान चार आकडे ठेवा. चार आकड्यांना सुमारे 11 मीटरपर्यंत जागा पक्की होते, दोनच ठेवले तर ठिपका किलोमीटरभर सरकू शकतो.

शीट भरल्यावर एक सोपी चाचणी घ्या. महाराष्ट्रातलं अक्षांश साधारण 15 ते 23 आणि रेखांश 72 ते 81 यांच्यामध्येच असलं पाहिजे. रकाने उलटे भरले गेले तर पुण्यातलं दुकान नॉर्वेच्या उत्तरेकडच्या समुद्रात जाऊन पडतं. ते निदान लगेच दिसतं. शेजारच्या तालुक्यात पडलेला ठिपका दिसत नाही, म्हणून तालुका-रकाना आणि तालुक्याची हद्द सॉफ्टवेअरमध्ये एकमेकांशी ताडून बघा.

पिनकोडवरून वाटणी केली तर सोपं नाही का?

शीट बनवायला सोपं, माणसाला अवघड. पिनकोड 15 ऑगस्ट 1972 ला टपाल वाटपासाठी सुरू झाला आणि त्याची रचना टपालाच्या सोयीची आहे. पहिले तीन आकडे 416 असलेली दुकानं एकत्र करून बघा: कोल्हापूर शहर 416001, सांगली 416416, सावंतवाडी 416510, मालवण 416606. म्हणजे घाटावरची हळद-ऊस-द्राक्षं आणि घाटाखालचा आंबा-काजू एकाच एरियात, आणि मध्ये सह्याद्री. 413 चं तसंच: बारामती, सोलापूर, श्रीरामपूर आणि लातूर सगळे त्यात येतात.

सहा आकडी पूर्ण पिनकोड हा छोटा तुकडा म्हणून वापरायला हरकत नाही. असे तुकडे जोडून एरिया बनवता येतो. पण ग्रामीण भागात एका पिनकोडमध्ये अनेक गावं असतात आणि त्यांच्यामध्ये नदी किंवा डोंगर असू शकतो. आमचा कल तालुका आणि त्याखाली गाव असे तुकडे घेण्याकडे आहे, कारण पिकांची सरकारी आकडेवारीही तालुकावार मिळते.

एका प्रतिनिधीकडे किती दुकानं असावीत?

दुकानं मोजू नका, भेटी मोजा आणि मग मिनिटं मोजा. समजा एका भागात 30 ए वर्गाची, 70 बी वर्गाची आणि 120 सी वर्गाची दुकानं आहेत. ए कडे महिन्यात 4 वेळा, बी कडे 2 वेळा, सी कडे एकदा जायचं ठरलं. भेटी झाल्या 120 अधिक 140 अधिक 120, म्हणजे 380.

आता दिवस बघा. 9 तास म्हणजे 540 मिनिटं. घरून पहिल्या दुकानापर्यंत आणि शेवटच्या दुकानातून घरी मिळून 100 मिनिटं, जेवण आणि रिपोर्ट 60. उरली 380. एका भेटीला 25 मिनिटं आणि पुढच्या दुकानापर्यंत सरासरी 15 धरली तर दिवसाला 9 भेटी होतात. महिन्यात कामाचे 25 दिवस. त्यातले शेतकरी मेळावे, प्रात्यक्षिक प्लॉट आणि मासिक मीटिंगचे 5 दिवस वजा केले की 20 दिवस उरतात. एका माणसाच्या महिन्याला 180 भेटी. 380 भेटींसाठी दोन माणसं लागतील, किंचित ताण पडेल.

हाच हिशेब पुन्हा करा, फक्त प्रतिनिधी लांब राहतो असं धरून. जाण्या-येण्याची 100 ऐवजी 180 मिनिटं झाली तर दिवसाला 7 भेटी, महिन्याला 140. त्याच 380 भेटींना आता जवळपास तीन माणसं लागतात. दुकानं तीच, रस्ते तेच. म्हणून नकाशावर दुकानांआधी प्रतिनिधींची राहण्याची गावं टाका. हेडक्वार्टर, म्हणजे प्रतिनिधीचं राहण्याचं गाव, कुठे ठेवायचं हा निर्णय एरियाच्या रेषेपेक्षा मोठा असतो, आणि भरतीची जाहिरात देतानाच तो घ्यायला हवा.

नकाशावर अंतर कमी दिसतं, पण आमचा माणूस म्हणतो दिवस जातो. कोण बरोबर?

बहुतेक वेळा माणूस. बरीच साधी सॉफ्टवेअर्स दोन ठिपक्यांमधलं सरळ रेषेतलं अंतर मोजतात, आणि महाराष्ट्रात सरळ रेषेत फार कमी ठिकाणी जाता येतं.

दाभोळ आणि धोपावे बघा. एक दापोली तालुक्यात, एक गुहागर तालुक्यात, मध्ये वाशिष्ठीची खाडी. फेरीबोट मिळाली तर गाडीसकट थोड्या वेळात पलीकडे. बोट चुकली किंवा बंद असली तर चिपळूणकडून मोठा वळसा. बोटीचं वेळापत्रक न बघता दोन्ही किनाऱ्यांची दुकानं एका दिवसाच्या बीटमध्ये घातली तर ती बीट कागदावरच राहते. कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या पलीकडच्या गावांचंही असंच आहे, तापोळ्याहून लाँच पकडावी लागते.

घाटांची गोष्ट आणखी वेगळी. पावसाळ्यात वरंध घाटात वाहतूक बंद ठेवायची वेळ येते. जुलै 2021 च्या अतिवृष्टीत आंबेनळी घाटाचा रस्ता खचला आणि महाबळेश्वर-पोलादपूर वाहतूक थांबली. भोरच्या माणसाकडे महाड द्यायचं की नाही, हे जानेवारीतल्या रस्त्यावरून ठरवू नका. खरिपाचा माल नेमका जून-जुलैमध्ये फिरतो, तेव्हाचाच रस्ता धरा.

सॉफ्टवेअरमध्ये ‘एका तासात रस्त्याने कुठवर पोचता येतं’ असा आकार काढायची सोय असते, ती जरूर वापरा. प्रत्येक हेडक्वार्टरभोवती एक तासाचा आणि दोन तासांचा आकार काढला की एरियाच्या रेषा अर्ध्या आपोआप सुचतात. फक्त सॉफ्टवेअर धरतं तो वेग साधारणपणे चारचाकीचा आणि चांगल्या रस्त्याचा असतो. ग्रामीण भागासाठी वेळ थोडा वाढवून घ्या आणि दोन-चार रस्त्यांवर प्रतिनिधीच्या अनुभवाशी ताडा.

हंगामाप्रमाणे काम बदलतं. एरियाही बदलायचा का?

रेषा तीच ठेवा, भेटींचं वेळापत्रक बदला. तासगाव किंवा निफाड भागात ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्यांचा मोसम सुरू होतो. त्या महिन्यांत द्राक्षपट्ट्यातलं सी वर्गाचं दुकानही ए सारखं वागतं. यवतमाळला कापूस, लातूरला सोयाबीन. तिथे सगळा जोर पेरणीच्या आगेमागे. एकाच दुकानाला वर्षभर एकच वर्ग दिला तर भेटींचा हिशेब निम्मं वर्ष चुकतो. शीटमध्ये खरीप, रब्बी आणि फळबाग असे वर्गाचे तीन रकाने करा आणि नकाशा तीनदा रंगवून बघा.

दोन पिकांचे मोसम एकमेकांत न अडकणारे तालुके एका माणसाला देता आले तर त्याचं वर्ष भरलेलं राहतं. सोयाबीन आणि द्राक्षं दोन्ही असलेला एरिया आम्हाला नुसत्या सोयाबीनच्या एरियापेक्षा केव्हाही चांगला वाटतो.

टार्गेट एरियावरून कसं काढायचं?

मागच्या वर्षीच्या विक्रीवर सरसकट टक्के वाढवून नको. ज्याने मेहनत करून विक्री वाढवली त्याच्यावर ओझं वाढतं आणि ज्याच्या एरियात वाव आहे तो सुटतो. तालुकावार पीकक्षेत्र घ्या, त्या पिकाला हेक्टरी आपल्या प्रकारच्या मालाचा साधारण खर्च धरा, आणि त्यातला आपला वाटा किती हे काढा. हा वाटा नकाशावर रंगाने दाखवला की फिका तालुका नजरेत भरतो. तिथे आधी माणूस पाठवा, मग टार्गेट द्या.

राज्याच्या सीमेवरची दुकानं कुणाकडे?

कागलपासून निपाणी जवळ आहे. तिथल्या दुकानदाराशी मराठीत बोलणं होतं, शेतकऱ्यांचं येणं-जाणं दोन्हीकडे आहे. भेटीसाठी कोल्हापूरचा माणूस सोयीचा, यात शंका नाही. पण बिलाची बाजू वेगळी. महाराष्ट्रातल्या वितरकाने कर्नाटकात माल दिला तर आंतरराज्य जीएसटी लागतो, आणि बियाणं, खतं, कीटकनाशकं यांच्या विक्रीचे परवाने राज्यनिहाय असतात. त्यामुळे नकाशात दोन थर ठेवा: भेटीचा एरिया एक, वितरकाचा एरिया दुसरा. निपाणीला जाणारा प्रतिनिधी कोल्हापूरचा, माल मात्र कर्नाटकातल्या वितरकाकडून. बांदा-सावंतवाडी आणि गोव्याच्या बाबतीतही हेच करा. विक्रीचं श्रेय कुणाच्या खात्यात जाईल ते आधी लिहून ठेवा, नाहीतर दोन मॅनेजरांमध्ये दर महिन्याला वाद होईल.

कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं?

पाच-सहा जणांची टीम असेल तर गूगल माय मॅप्स पुरतं. शीट चढवली की ठिपके येतात, प्रतिनिधीनुसार रंग देता येतात. एका थरात 2,000 ओळी आणि एका नकाशात 10 थर ही त्याची मर्यादा. रेषा आखता येतात, पण रेषेच्या आत किती विक्री आहे याची बेरीज ते करून देत नाही.

त्या बेरजेसाठी क्यूजीआयएस आहे. फुकट, मुक्त स्रोत आणि ताकदीचं. तालुक्यांच्या हद्दी चढवा, ठिपके चढवा, प्रत्येक तालुक्यात किती दुकानं आणि किती विक्री हे काढा, प्रवासाच्या वेळेचे आकारही प्लगइन जोडून काढा. शिकायला वेळ लागतो. ऑफिसमध्ये एक्सेल नीट जाणणारी एक व्यक्ती असेल तर तिला हे काम आणि शिकायला मोकळा वेळ द्या.

टीम मोठी असेल, रोजची ऑर्डर मोबाइलवरून येत असेल, तर नकाशा आणि ऑर्डर बुकिंग एकत्र देणारं पैसे देऊन घ्यायचं ॲप बघा. डेमोच्या वेळी हे विचारा: नेटवर्क नसताना भेट नोंदवता येते का? दुकानाचं नाव मराठीत टाकलं तर शोधता येतं का? आमचा सगळा डेटा शीटच्या रूपात आम्हाला कधीही काढून घेता येतो का? तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर तिथेच थांबा.

ग्राहकांना किंवा डीलर मीटिंगमध्ये दाखवायच्या नकाशात भारताची बाह्य सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाप्रमाणेच असू द्या. परदेशी सॉफ्टवेअरमधल्या तयार नकाशात ती बरोबर असतेच असं नाही.

‘आपोआप समान वाटणी’ असं बटण असतं. ते दाबायचं का?

दाबा, आणि जे येईल त्याला पहिला कच्चा आराखडा समजा. यंत्र भेटी किंवा विक्री समान करतं. एखाद्या दुकानदाराचं आपल्या प्रतिनिधीशी बारा वर्षांचं नातं आहे, दोन सख्ख्या भावांची दोन गावांतली दुकानं एकाच्याच सल्ल्याने माल घेतात, अमुक रस्त्याचं काम दोन वर्षं रखडलंय, हे त्याला माहीत नसतं. कच्चा आराखडा मोठ्या कागदावर छापा आणि प्रतिनिधींना पेन द्या. त्यांनी सुचवलेले बदल कारणासह लिहून घ्या. वाटणी शंभर टक्के समान झाली नाही तरी चालेल. भेटींच्या भारात दहा-पंधरा टक्क्यांचा फरक आम्ही खुशाल सोडून देतो.

प्रतिनिधी म्हणतात, नकाशा म्हणजे आमच्यावर पाळत. त्यांना काय सांगायचं?

त्यांची शंका रास्त आहे, ती उडवून लावू नका. एरियाच्या आखणीला दुकानांची जागा लागते, माणसाचा मिनिटामिनिटाचा माग लागत नाही. भेटीच्या वेळी लोकेशनची नोंद पुरते. ड्युटीचे तास संपले की नोंद बंद झाली पाहिजे, आणि ती बंद होते हे प्रतिनिधीला त्याच्या स्वतःच्या फोनवर दिसलं पाहिजे. कोणती माहिती घेतो, कशासाठी, किती दिवस ठेवतो आणि कोण बघतं हे मराठीत एका पानावर लिहून द्या. व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला आहे. कर्मचाऱ्याचं लोकेशन ही त्याची व्यक्तिगत माहिती आहे हे धरूनच वागा.

आणि नकाशाचा फायदा आधी त्यांच्या हातात पडू द्या. एक्स-हेडक्वार्टर (बाहेर जाऊन त्याच दिवशी परत) आणि आउटस्टेशन (बाहेर मुक्काम) भत्त्याचे वाद नकाशावरच्या रस्त्याच्या अंतराने मिटवा. ऑफिसने भत्त्यातले किलोमीटर कापले म्हणून महिनाअखेरीला हुज्जत घालावी लागली नाही, तर तोच प्रतिनिधी दुकानांची लोकेशन न सांगता नीट घेऊन येतो.

एरिया बदलला की दुकानाची जुनी उधारी कुणी वसूल करायची?

एरिया बदलातलं सगळ्यात नाजूक काम हेच. कृषी निविष्ठांच्या धंद्यात माल उधारीवर जातो आणि पैसे बऱ्याचदा पीक हातात आल्यावर येतात. मधेच माणूस बदलला की दुकानदार म्हणतो, ‘जुन्या साहेबांशी बोलणं झालं होतं.’ काय बोलणं, ते कुणालाच माहीत नसतं.

बदल हंगामाच्या मध्यात करू नका. खरिपाची वसुली होऊन गेल्यावर, पुढच्या बुकिंगच्या आधी करा. जुन्या आणि नव्या प्रतिनिधीने प्रत्येक ए आणि बी दुकानात जोडीने जावं. लेजरची प्रत दाखवून बाकीच्या रकमेवर दुकानदाराची सही आणि शिक्का घ्यावा. कबूल केलेल्या स्कीम, परत यायचा माल, फुटलेल्या बाटल्यांचा दावा, सगळं त्याच कागदावर. जोडभेटीच्या तारखेआधीच्या बिलांच्या वसुलीचा इन्सेंटिव्ह जुन्या माणसाला, नंतरच्या बिलांचा नव्याला. सी वर्गाच्या दुकानांना निदान फोन आणि नव्या माणसाचा नंबर लिहिलेलं पत्र जायला हवं.

नकाशात प्रत्येक दुकानाला ‘हस्तांतर झालं’ असा एक रकाना द्या आणि सही मिळेल तसा ठिपक्याचा रंग बदलत न्या. कुठलं दुकान राहिलं ते जुन्या, नव्या प्रतिनिधीला आणि मॅनेजरला एकाच वेळी दिसतं.

आखणी किती दिवसांनी करायची?

मोठी आखणी वर्षातून एकदा, वसुली संपल्यावर. मध्ये फक्त तीन कारणांनी हात लावा: माणूस सोडून गेला, वितरक बदलला किंवा रस्ता कायमचा बदलला. समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण खुला झाला. त्याच्या इंटरचेंजजवळच्या तालुक्यांत मॅनेजरचा दौरा सोपा झाला. पण दुचाकीला त्या महामार्गावर परवानगी नाही, त्यामुळे दुचाकीवर फिरणाऱ्या प्रतिनिधीच्या बीटचा वेळ जुन्याच रस्त्याने मोजा.